रुमाल बांधलेली सूर्यफुलं

वेर्बिव्का, ७ मे २००२

उल्याना,

जिवंत आहे. पाठ दुखते, ती दुखणारच. बोहदानने तुझं खोकं ईस्टरच्या आदल्या दिवशी दारात आणून टाकलं. आल्या आल्या म्हणाला, "आजी, इटलीहून इतकी जड खोकी आणून माझ्या गाडीचं कंबरडं मोडलंय." मी म्हटलं, माझंही मोडलंय, मी कुणाला सांगते का? कॉफी मिळाली. सपाता मिळाल्या, एका मापाने लहान आहेत. चार वर्षांत आईचा पायही विसरलीस. चीजला वास येत होता, कोंबड्यांना घातलं.

आणि ती पाच पाकिटं मिळाली.

एकावर लाल सूर्यफूल, वाळलेल्या रक्तासारखं. एकावर फिकट पिवळं, कावीळ झाल्यासारखं. एकाला एकाच दांड्यावर डझनभर डोकी. एक इतकं बुटकं की कोंबडी त्याच्यावर बसेल. आणि पाचवं ते केसाळ, अस्वलाच्या पिल्लासारखं, त्यात बी कुठे असतं ते शोधायला दिवा लावावा लागेल. आणि वर तू लिहितेस, "आई, कुंपणाला लाव, ऑक्टोबरपर्यंत फुलतात, अंगणाचा फोटो छान येईल." कुणासाठी फोटो? घर विकायला काढलंयस का? तसं असेल तर सरळ लिही. मी अजून त्याच्यात राहते.

आपल्याकडे सूर्यफुलं कमी आहेत का गं? मागे करड्या पट्ट्यांचं मोठं आहे, सोलून खायला. विहिरीपलीकडे काळं बारीक, ते घाण्यावर जातं, वर्षाचं तेल निघतं. गोठ्यापाशी उंच वाढणारं, कोंबड्यांचं. आणि खाली नदीकडच्या वाफ्यात पांढरं. पांढरं मी सगळ्यांत उशिरा टोकते हे तुला माहीत आहे. बाकीच्यांनी माना टाकल्या की मग ते उघडतं, म्हणून मधमाशी दुसऱ्याची भुकटी त्याच्यावर आणून सांडत नाही. म्हणून ते अजून पांढरं आहे. आता तुझी ही ऑक्टोबरपर्यंत फुलणारी भुतं अंगणात आली तर झालंच.

यंदा पांढरं आधीच कमी आहे. माळ्यावरची पिशवी हिवाळ्यात उतरवली तर निम्मीही नाही. उंदीर म्हणावा, तर पिशवीला भोक नाही. शिकलेला उंदीर दिसतो. गाठ सोडतो, खातो आणि परत गाठ मारतो. मांजरीला मी चार दिवस दूध दिलं नाही. पण मनातून मला ठाऊक आहे तो उंदीर कोण. शेजारी राहतो, लाल नाकाचा आहे, आणि तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातात धरून उभा होता.

आहे नाही ते सगळं यंदा टोकणार आहे. पिशवीत एक दाणा मागे ठेवणार नाही. हे बुडालं तर बुडालं.

पाकिटं चुलीत घातली. कागद चांगला जळला.

आई


मोंतेरोसो, २१ मे

आई,

चुलीत घातलीस. बरं केलंस. मी दोन महिने एकेक पाकीट निवडत होते, ते मरू दे.

घर विकायला काढलेलं नाही. तुला प्रत्येक गोष्टीत कुणीतरी काहीतरी विकतंय असंच का दिसतं? फोटो मला हवा होता. कशाला ते सांगितलं असतं, पण तू विचारत नाहीस, तू थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतेस.

पारास्का मावशी माझी धर्ममाता आहे, तिच्याबद्दल मी असलं काही ऐकणार नाही. तिने मला लहानपणी तुझ्या मारापासून किती वेळा लपवलंय ते तुलाही माहीत आहे. आणि हो, त्याच पाच पाकिटांचा दुसरा संच मी तिलाही पाठवलाय. तिने निदान बोहदानच्या हाती मला चार ओळी पाठवल्या. लिहिलंय, "माझी पोर मला विसरली नाही, मी सगळी लावली." आता तू म्हणशील मी मुद्दाम केलं. नाही केलं. मला वाटलं, दोघींच्या अंगणात एकसारखी फुलं असतील.

मांजरीला दूध दे. तिचा काही दोष नाही.

सहज विचारते, सूर्यफुलाचं एकटं झाड लावलं तर त्याला बी धरतं का? की जवळ दुसरं लागतं?

मी जिला सांभाळते ती म्हातारी बरी आहे. उजवी बाजू अजून हलत नाही, बोलत नाही. मला विचारलं नाहीस, पण मी पण बरी आहे.

उल्याना


वेर्बिव्का, ९ जून

उल्याना,

तू मला विष का नाही पाठवलंस? ते निदान एकाच माणसाला लागतं.

सगळी लावली म्हणते ती? कुठे लावली ते लिहिलं नाही ना? मी सांगते. माझ्या नदीकडच्या वाफ्याला लागून जे कुंपण आहे, त्याच्या पलीकडच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला काठी खोचून त्यावर पाकीट अडकवलंय, चित्र माझ्या बाजूला. म्हणजे मी रोज खुरपायला वाकले की समोर ते केसाळ अस्वल.

कुंपणाशी गेले. म्हटलं, "पारास्का, ही भुतं उपट."

"का गं? माझ्या पोरीने पाठवलीत."

"माझ्या डोळ्यात खुपतात."

"अजून बोटभर रोपं आहेत, खुपतात कशी? डोळे तपासून घे होर्पिने."

"माझे डोळे चांगले आहेत. तुझं गळकं छप्पर मला इथून दिसतं."

"मग छप्पर बघ आणि फुलं बघू नकोस. देवाने मान दिलीय, फिरव."

अशी बाई. आणि तू म्हणतेस तिच्याबद्दल ऐकणार नाही.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. का सांगू? बस स्टँडवर ती माझ्या शेजारी बसून बी विकते. लोक तिच्या पुढ्यातून उठून माझं पांढरं पेल्याने मागतात. मधमाशीने काम बिघडतं हे तिला कळलं तर पुढल्या वर्षी ती अख्खा वाफा लाल करेल. मधमाशीला कुंपण कळत नाही आणि व्हिसा लागत नाही. एकदा लालाची भुकटी पांढऱ्यावर पडली की संपलं. आणि यातली खरी हलकट गोष्ट ही, की त्या वर्षी काही दिसत नाही. बी पांढरंच येतं, गुटगुटीत. तू खुशीत टोकतेस, आणि पुढल्या वर्षी उगवतं काहीतरी भलतंच, मळकं, ठिपक्यांचं. तोवर जुनं बी संपलेलं असतं.

म्हणून यंदा मी डोकी बांधणार. कळी पिवळी पडली, पाकळी सुटायच्या आधी, की वरून रुमाल. रोज सकाळी मधमाशी उठायच्या आत सोडायचा, सशाच्या शेपटाने या डोक्याची भुकटी त्या डोक्यावर लावायची, त्याची याच्यावर, परत बांधायचा. माझ्या आईने एका वर्षी असं केलं होतं, शेजाऱ्याने काळं लावलं तेव्हा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एकटं झाड बी धरत नाही. फुलतं मोठं, तोंड वर करून उभं राहतं, शरदात फोडून बघ, सगळं पोचट. त्याला दुसरं झाड लागतं, स्वतःची भुकटी स्वतःला चालत नाही. तू तिथे कुंडीत लावलीस वाटतं तुझी अस्वलं. लाव, लाव. त्यांना बी धरलं काय न धरलं काय, दोन्ही सारखंच.

बरी आहेस हे वाचलं.

आई


मोंतेरोसो, ४ जुलै

आई,

तुझ्या पत्राची चार पानं भरून सूर्यफूल. शेवटी "बरी आहेस हे वाचलं." मला वाटलं निदान "बरं वाटलं" तरी लिहिशील.

मी इथे काय करते हे तुला माहीत आहे का? सकाळी एका म्हातारीला उचलून आंघोळ घालते. माझ्यापेक्षा ती वजनाने जास्त आहे. तिचे केस विंचरते, तिला भरवते, ती थुंकते, मी पुसते, परत भरवते. तिची मुलगी इथून अर्ध्या तासावर राहते आणि महिन्यातून एकदा येते, येताना फुलं आणते, आणि मी तिला मनात शिव्या देते. मग मला आठवतं की माझी आई दोन हजार किलोमीटरवर आहे आणि मी बोहदानच्या हाती सपाता पाठवते. तर तू मला सूर्यफुलांवरून शिव्या घाल, मला सवय आहे, मी स्वतःलाही घालते.

पण एक ऐक. पारास्का मावशीला खरं कारण सांग. एवढंच. "मला बी सांभाळायचं आहे, यंदा उपट, पुढल्या वर्षी लाव." ती ऐकेल. ती भांडकुदळ आहे, वाईट नाही. तू सांगत नाहीस म्हणून ती अडते.

सशाच्या शेपटाऐवजी दुसरं काही चालेल का? मऊ काहीतरी?

उल्याना


वेर्बिव्का, ३० जुलै

उल्याना,

नाही सांगणार. तिला तर नाहीच.

मऊ काहीही चालतं. पण कोरडं हवं.

पांढरं उघडायला लागलंय. पलीकडे तिची लाल पण उघडली, अगदी वेळ साधून. चांगली जाडजूड अशी सात डोकी निवडली आणि बांधली. माझा निळा रुमाल, काळा दुखवट्याचा, तुझ्या लग्नातला गुलाबांचा, आणि बाकी जुने, तुझ्या आजीचा एक आहे, इतका विरलाय की उन्हात धरला तर पलीकडचं दिसतं. गल्लीतून जाणारे हसतात. लोहाराची बायको म्हणाली, "होर्पिना, तुझ्याकडे बायकांची मिरवणूक आलीय, चहा दिलास का?" मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत, उभ्या राहतात आणि गप्प बसतात.

पारास्का रोज कुंपणापलीकडून बघते. विचारत नाही. मी सांगत नाही. असं बरं चाललंय.

बाकीची पांढरी उघडी सोडली, इतके रुमाल कुठून आणू. त्यांचं पाखरांसाठी आणि खाण्यासाठी. ती लालाशी संसार थाटून बसली असतील एव्हाना. बियाणं फक्त या सातांचं.

तुझी म्हातारी थुंकते कारण तू घास मोठा देतेस. माझी सासू पण थुंकायची. घास बोराएवढा कर, आणि आधी तिच्या ओठाला लाव, तोंड आपोआप उघडतं. जबरदस्तीने कोंबलंस तर मी पण थुंकेन.

आणि तुझ्या आजीबद्दल एक. पारास्का सगळ्या गावाला सांगते की भुकेच्या वर्षी होर्पिनाच्या आईने पांढरं बी जपून ठेवलं, पोरं उपाशी ठेवली पण बी खाल्लं नाही. खोटं. खाल्लं. सगळ्यांनी खाल्लं, मीही खाल्लं, टरफलांसकट. चुलीमागच्या फटीत मूठभर सांडलं होतं, ते कुणाला दिसलं नाही म्हणून वाचलं. वसंतात चूल सारवताना सापडलं. एवढीच त्याची पुण्याई. पण त्यानंतर मी ते कधी बुडू दिलं नाही, त्याला आता पंचावन्न वर्षं होतील. हे मी केलंय. फटीने नाही.

आई


वेर्बिव्का, १६ ऑगस्ट

उल्याना,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, नाहीतर मी कुणाचा तरी जीव घेईन.

माकोवीच्या सणाआधी तीन दिवस मी रुमाल बांधताना स्टुलावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण पाठ अशी धरली की खाटेवरून उठता येईना. फुलणं संपलं होतं, दाणा धरला होता, म्हणून मी म्हटलं राहू देत रुमाल तसेच, चिमण्या तरी खाणार नाहीत. परवा माकोवी, सगळा गाव खसखशीचे आणि फुलांचे गुच्छ घेऊन आशीर्वादाला देवळात. देवळाच्या घंटा ऐकत पडले होते. मनात म्हटलं, एक वर्ष माझा गुच्छ आशीर्वादाविना राहिला तर देव काही मरत नाही.

देवळातून लोक परतले आणि दार उघडून पारास्का आत. नवा झगा, तोंडभर हसू. हातात गुच्छ, एवढा मोठा की दारात अडकला. खसखशीची बोंडं, झेंडू, पुदिना, ओव्याची फुलं, आणि मधोमध सात सूर्यफुलं.

"होर्पिने, भांडण भांडणाच्या जागी. तू आजारी, म्हणून तुझा गुच्छ मीच केला. पाद्रीबाबांनी दोनदा पाणी शिंपडलं, म्हणाले असा गुच्छ गावात दुसरा नाही."

मी ती परत मोजली.

"किती निगुतीने बांधून ठेवली होतीस गं! दरवर्षी तू एक वाळकं डोकं घेऊन देवळात येतेस, मी म्हटलं यंदा होर्पिनाला देवाची आठवण झाली. पंधरा-वीस दिवस झाकून ठेवलीत, धूळ नको, चिमणी नको. मला बघूनच कळलं देवासाठी आहेत. म्हणून एकही मागे ठेवलं नाही, देवाशी काय कंजूषी करायची?"

सातही. हिरवी. नखाने दाबलं तर दूध येतं. पुढले वीस-पंचवीस दिवस उभी राहिली असती तर बी झालं असतं. आता वाळून सुरकुतणार, आत काही नाही.

आणि खिडकीत माझे सात रुमाल. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. गुलाबांचा सगळ्यांत वर.

मी पाण्याचा पेला फेकला. चुकला, पाठीमुळे. मग सगळं बोलले. मधमाशी, भुकटी, लाल, पांढरं, पंचावन्न वर्षं, माळ्यावरचा उंदीर, सगळं. तिला चोर म्हणाले तोंडावर. ती उभी होती गुच्छ धरून.

मग म्हणाली, "तुझ्या माळ्यावर मी चढेन? माझे गुडघे बघितलेस का?" आणि गुच्छ टेबलावर ठेवून, "जूनमध्ये सांगितलं असतंस तर त्याच दिवशी लाल उपटली असती. तू म्हणालीस डोळ्यात खुपतात."

मी तिला घराबाहेर काढलं.

संध्याकाळी पलीकडून आवाज येत होता. विळा. सगळी तोडली तिने, लाल, फिकट, डझन डोक्यांची, अस्वलं, सगळी. आता तोडून काय करायचंय?

बियाणं नाही. पिशवी रिकामी आहे, मी आधीच लिहिलं होतं तुला, एक दाणा मागे ठेवला नाही. उघड्या पांढऱ्यांचं बी दिसायला पांढरं येईल आणि पुढल्या वर्षी तोंडावर थुंकेल. पंचावन्न वर्षांत एकच गोष्ट योग्य केली, ती पाकिटं चुलीत घातली. पण तू दुसरा संच पाठवलास.

तू तिथे बस. इथे येऊन काही उपयोग नाही.

आई


मोंतेरोसो, २ सप्टेंबर

आई,

बसली आहेस ना? उभी असशील तर खाटेवर बस, पाठीसाठी.

तुझा शिकलेला उंदीर मी.

गेल्या शरदात दहा दिवस आले होते तेव्हा निघायच्या दिवशी तू गाय सोडायला गेलीस. तुझं सकाळपासून चाललं होतं, "जा, जा, पुढल्या वेळी येशील तेव्हा मला मातीत शोध." मी माळ्यावर गेले, पिशवी सोडली, निम्म्याहून जास्त बी काढून घेतलं, गाठ मारली. तुझीच गाठ, तूच शिकवलीस. कोटाच्या अस्तरात शिवलं, बोहदानने सांगितलं होतं हद्दीवर बियाणं काढून घेतात. पेरायला वगैरे नव्हतं नेलं. खायला नेलं. अर्ध्याहून जास्त बसमध्येच संपलं, अस्तर उसवून उसवून खाल्लं, बोहदान टरफलांवरून बोंबलत होता, त्याला विचार. उरलं ते कोटात विसरले. वसंतात कोट धुवायला काढला तेव्हा हाताला लागलं.

मे महिन्यात टोकलं. म्हातारीच्या डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, वरच्या दोन ओसाड पडली होती. लेकीला दिसू नये म्हणून एक इथे, एक तिथे असं लावलं, म्हणून तुला विचारलं एकटं झाड धरतं का. तुझं पत्र आलं तेव्हा कळ्या पिवळ्या होत होत्या. मग रोज सकाळी म्हातारी उठायच्या आत वर चढून या डोक्याची भुकटी त्या डोक्यावर. सशाचं शेपूट नव्हतं. म्हातारीचा पावडर लावायचा पफ होता. तिला एक दिवस पिवळी पावडर लागली गालाला, ती इतकी हसली की मला वाटलं परत झटका आला.

बांधली नाहीत. बांधायचं कारण नाही. इथे दूरदूरपर्यंत ऑलिव्ह, चेस्टनट आणि दगड. मी डोंगराच्या दोन्ही अंगांनी फिरून बघितलं, शेजाऱ्यांना विचारलं. सूर्यफूल एकही नाही. अस्वलं मी इथे लावली नव्हती, आई. इथे मला पांढरंच हवं होतं.

डोकी उतरवलीत, वाळतायत, पाठ पिवळी झाली आहे, दाणा टणक आहे. बोहदानच्या पुढच्या फेरीला पाठवते.

आणि तो फोटो. म्हातारी बोट दाखवून विचारते, तुझं घर कुठे. माझ्याकडे घराचा एकच फोटो आहे. त्यात तू बादली घेऊन उभी आहेस आणि फोटो काढणाऱ्यावर ओरडतेयस. दुसरा हवा होता, एवढंच.

घास बोराएवढा केला. आता थुंकत नाही.

मला चोर म्हणायचं असेल तर म्हण. पारास्का मावशीची माफी माग.

उल्याना


वेर्बिव्का, ६ ऑक्टोबर

उल्याना,

चोर.

अख्खा हिवाळा मी मांजरीशी बोलले नाही. पारास्काच्या नाकाकडे बघून मनात तिला काय काय म्हटलं ते पाद्रीबाबांनाही सांगण्यासारखं नाही. आणि तू तिकडे बसमध्ये टरफलं थुंकत होतीस. बोहदानला विचारलं. म्हणाला, "आजी, हंगेरी संपेपर्यंत खात होती, माझ्या गाडीत अजून सापडतात." त्यालाही शिव्या दिल्या, तेव्हाच का नाही बोलला म्हणून.

पिशवी मिळाली. टेबलावर ओतली. आपल्यापेक्षा जाड आहे दाणा, इटलीत सगळं फुगतं वाटतं. टरफल पातळ आहे. फोडलं एक. गोड आहे. पांढरं आहे. पण तुला लिहिलं होतं ना, पहिल्या वर्षी सगळंच पांढरं दिसतं. बघून काही कळत नाही. पुढल्या शरदापर्यंत मला फक्त तुझ्या शब्दावर राहायचं आहे की त्या डोंगरावर दुसरं सूर्यफूल नव्हतं. चोराच्या शब्दावर. संध्याकाळभर त्या ढिगासमोर बसले होते आणि तुझ्यावर चिडले होते. इतकी चिडले की भाकरी करपली.

मग म्हटलं, उल्याना चोरते, उलट बोलते, सपाता लहान आणते. पण "बघितलं" म्हणाली म्हणजे तिने बघितलं असेल. लहानपणी अंडी मोजायला पाठवायचे तेव्हाही तू फुटलेलं अंडं लपवत नव्हतीस, वर मान करून सांगायचीस आणि मार खायचीस.

पारास्काची माफी मागितली नाही. तिला बोलावलं, ढीग दाखवला, उंदीर कोण ते सांगितलं. ती खुर्चीत बसून इतकी हसली की खुर्चीचा पाय गेला. ती खुर्ची आता तिने दुरुस्त करून द्यायची आहे. मूठभर बी तिलाही दिलं. सांगितलं, हे आणि फक्त हे लावायचं, कुंपणाच्या त्या बाजूला, म्हणजे मधमाशी इकडून तिकडे गेली तरी पांढऱ्यावरून पांढऱ्यावरच जाईल. म्हणाली, "मग बस स्टँडवर मी पण पांढरं विकणार." विक म्हटलं. लोक बघतील कुणाचं भाजणं चांगलं आहे. तिचं करपतं.

अस्वलं तिने लावायची असतील तर रस्त्याच्या बाजूला लावायला सांगितलंय, आणि पांढरं उघडायच्या आत तोडायची. तिथे फोटो काढ, आलीस तर. मी बादली खाली ठेवीन. हसेन असं नाही.

आता नीट वाच. बोहदानच्या हाती एक गाठोडं देतेय. त्यात तूच पाठवलेल्यातलं निम्मं बी आहे. वेडी झाले नाही. इथे एक कुंपण, एक पारास्का, एक लोहाराची बायको, उद्या तिलाही कुणीतरी पाकीट पाठवेल. तिकडे तुझ्याभोवती दगड आहेत. पुढल्या वर्षी परत लाव, त्याच वरच्या शेतात, आणि या वेळी ओळीने लाव, चोरासारखं एक इथे एक तिथे नको. म्हातारीच्या लेकीला सांग. सांगायचं असतं. पफ दुसरा घे, म्हातारीचा तिला परत दे.

आणखी एक वर्ष तिकडे राहायला परवानगी देतेय असं समजू नकोस. बी परवानगी मागत नाही, मे महिन्यात त्याला कुणीतरी टोकावं लागतं, आणि तिकडे तूच आहेस.

अस्तरात शिवलेलं नाही. रुमालात बांधलंय, निळ्या, आणि गाठ मी मारलीय, माझी, तुला येते ती नाही, दुसरी. वाटेत कुणी सोडली तर मला कळेल. बोहदानला सांगून ठेवलंय.

रुमाल मला परत हवा. भरलेला.

आई